लाल गोंड्याची कुंची

"हरभरं भिजत घातलं कुणी गं? अजून कचकचाय लागल्यात. म्हातारी माणसं येणार, त्यांनी काय शेजाऱ्याचं दात लावून चावायचं?"

गोदाक्का माझ्या कानाशी पुटपुटल्या. म्हणजे त्यांच्या मानानं पुटपुटल्या. इचलकरंजीत आमच्या घराला चिकटून आमच्या यंत्रमागांचं शेड होतं, त्याला चिकटून गोदाक्कांचं, त्याच्या पलीकडं आणखी कुणाचं. दिवसभर खडखड. आम्ही पाळण्यात असल्यापासून त्या आवाजाच्या वरून बोलायला शिकलेलो. पाहुणे यायचे तेव्हा त्यांना वाटायचं, या घरात सकाळपासून भांडण लागलंय.

त्या दिवशी माग बंद होते. आमच्या भागाची विजेची सुट्टी होती, म्हणून तर बारसं त्याच दिवशी धरलं. पण माग बंद पडले तरी गोदाक्कांचा आवाज खाली येत नाही. त्यांचं बोलणं पार पुढच्या खोलीत पाळण्याला दोरी बांधणाऱ्या माझ्या भावापर्यंत, जयवंतापर्यंत गेलं.

"शिजतील, अक्का. वेळ आहे अजून," मी म्हणाले.

"शिजतील. आन् मिठाचं काय करणार? तुझ्या आईनं दोनदा घातलंय. सकाळपास्नं बघतो मी, ध्यान कुठं हाय तिचं?"

आई आमच्याकडं पाठ करून नारळ खवत होती. तिनं मान वळवली नाही. खवणीवर हात तेवढा जोरात चालायला लागला.

बारशाला पाळण्याखाली हरभऱ्याच्या घुगऱ्या ठेवतात आणि मग वाटतात. घुगऱ्या खारट झाल्या तर झाल्या. आदल्या वर्षी असं झालं असतं तर आईनं सगळं पातेलं रस्त्यावर ओतलं असतं आणि नव्यानं हरभरे घातले असते. त्या दिवशी तिनं गोदाक्कांचं बोलणं ऐकलं, आणि नारळ खवत राहिली.

बारसं म्हणजे आत्याचा दिवस, आणि आत्या मी. बाळाच्या कानापाशी वाकायचं, "कुर्र" करायचं, नाव सांगायचं, की मागं टपून बसलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात. का घालतात हे मला कुणी कधी सांगितलं नाही. माझा अंदाज असा की जन्मभर नणंदेचं ऐकून घेणाऱ्या बायकांना कुणीतरी शहाण्या माणसानं ही एवढी सोय करून दिली असावी. माझ्या दोन्ही चुलत भावांच्या पोरांच्या वेळी मी चांगले गुद्दे खाल्ले होते. या वेळी सख्ख्या भावाचं, म्हणून बायका बाह्या सावरूनच आल्या होत्या.

माझी ती भाची आता मोठी झालीय. पुण्यात नोकरी करते, आणि नावावरून अजून माझ्याशी भांडते. "आत्या, बरं नाव सुचलंच नाही का गं तुला?" म्हणते. मी म्हणते, सुचलं होतं की. मग ती भांडण सोडून देते. तिला सगळं माहीत आहे.

*

शैलाला, म्हणजे जयवंताच्या बायकोला, आई नव्हती. निपाणीच्या इंदुकाकूंनी तिला वाढवलं. काकूंचे गुडघे धरलेले, त्यांच्याच्यानं बाळंतपण निभणार नव्हतं, म्हणून पहिलटकरीण असूनही शैला आमच्याकडंच राहिली. मी तेव्हा कुरुंदवाडला नांदत होते. नवऱ्याला सांगून मदतीला आले. तो म्हणाला, "जा, पण मेतकूट करून ठेव." मेतकूट करून ठेवलं आणि आले.

डॉक्टरीणबाईंनी सहाव्या महिन्यात सांगितलं, जुळं आहे. आईनं लगेच घरादाराला दम भरला: बाहेर कुणाला कळता कामा नये. दृष्ट लागते. निपाणीला कळवलं नाही, कुरुंदवाडला माझ्या सासरीसुद्धा कळवलं नाही. गोदाक्कांना तेवढं कळलं, कारण भिंत त्यांची आमची एकच.

बाहेर तोंड बंद, पण घरात आईला आनंद मावेना. एका दुपारी तिनं ट्रंकेतून ठेवणीतला खण काढला आणि मशीनवर बसली. खणाच्या दोन कुंच्या, आतून माझ्या जुन्या मऊ लुगड्याचं अस्तर, कडेला झालर. गोदाक्का दारातूनच ओरडल्या.

"पार्वते! बाळ हातात यायच्या आधी टाका घालू ने गं. कळत न्हाई व्हय तुला?"

"एक असतं तर नसता घातला," आई मशीन न थांबवता म्हणाली. "जुळ्यांना ऐन वेळी दोन कुंच्या कोण शिवून देणार? तू? तुला सुईत दोरा ओवायला अर्धा दिवस लागतो."

"मी आपलं रीत सांगितली."

"सांगितलीस. आता च्या पी."

दोन्ही कुंच्या तंतोतंत सारख्या झाल्या. मग आईच्याच लक्षात आलं की जुळी सारखीच दिसणार, आणि आमचा जयवंत म्हणजे स्वतःच्या दोन चपला ओळखायला वेळ लावणारा माणूस. म्हणून तिनं एका कुंचीला लाल गोंडा लावला, एकीला पिवळा. लाल थोरल्याला, पिवळा धाकट्याला.

नावं माझ्याकडं होती. मुलगे झाले तर बघू म्हणाले, मुलींची मात्र मी तयार ठेवली होती. केतकी आणि शेवंती. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, बाकी जे काही आलं ते किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आणि वाचनालयातून, त्यामुळं मला वाटत होतं आपण फार विचार करून नावं काढलीत.

"शेवंती?" जयवंत हसायला लागला. "तायडे, बाजारात पाटीनं मिळते ती."

"मग केतकी काय झाडावर लागत नाही?"

शैला पोटावर दोन्हीकडं दोन हात ठेवून बसली होती. हसून हसून तिला धाप लागली. "असू दे हो," ती म्हणाली. "थोरली केतकी, धाकटी शेवंती. मी शेवू म्हणेन तिला. कोण हाक मारतंय शेवंती, शेवंती." मग डाव्या हाताकडं बघून म्हणाली, "ही कोण आणि ही कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा गं आत."

मुलीच झाल्या. थोरली आधी आली, रडली, आम्ही बाहेर बाकावर बसून ऐकलं. तिच्यामागून धाकटी. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता थोरली गेली. तिच्या छातीत दम नव्हता असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आम्ही माना हलवल्या.

जयवंत तिला पंचरंगी टॉवेलात गुंडाळून पंचगंगेकडं घेऊन गेला. बरोबर गोदाक्कांचे मालक. परत आला, अंघोळ केली, आणि सरळ शेडमध्ये जाऊन चारही माग चालू केले. मी चहा घेऊन मागं गेले. धोटे सूत घेऊन इकडून तिकडं पळत होते आणि तो मधे उभा होता. त्यानं माझ्याकडं बघून काहीतरी म्हटलं. आवाजात ऐकू आलं नाही. मी मान हलवली, त्यानं चहा घेतला. तो काय म्हणाला होता, ते मी अजून विचारलेलं नाही.

शैला घरी आली तेव्हा आईनं मला आणि जयवंताला मागच्या दारी बोलावलं. "घरात एक आलंय. एकच म्हणायचं," ती म्हणाली. "तिच्यासमोर दुसरं नाव काढायचं नाही. ओली बाळंतीण आहे, दूध आटलं तर जे हातात आहे तेही जाईल. निपाणीला निरोप देशील तेव्हा मुलगी झाली एवढंच सांग."

"बरं," जयवंत म्हणाला.

आधी दृष्ट लागू नये म्हणून सांगितलं नव्हतं. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यामुळं आम्हाला फारसं जडही गेलं नाही. शिवाय आमच्या गल्लीत दुःखाचं बोलायचं तर तेही ओरडूनच बोलावं लागतं. कोण ओरडणार?

*

शैला सगळं करायची. बाळाला पाजायची, ढेकर काढायची, लंगोट बदलायची, शेक घ्यायची, डिंकाचा लाडू दिला की खायची, दिला नाही तर मागायची नाही. रडली नाही. बाळाला कधी सोनू म्हणाली नाही, छकुली म्हणाली नाही. "हिला भूक लागलीय," म्हणायची. "हिला द्या." पाजतानाही नजर समोरच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या आसपास कुठंतरी. पाजून झालं की बाळ माझ्याकडं द्यायची, पदर दुसऱ्या बाजूला घ्यायची, आणि तशीच बसून राहायची. जरा वेळानं पदर खाली करायची.

निजताना ती भिंतीकडं सरकायची आणि बाळ पार बाजेच्या कडेला. मधे जागा. एकदा मला वाटलं बाळ पडेल.

"शैला, इकडं घे की तिला जवळ. मधे केवढी जागा आहे."

तिनं मधल्या जागेकडं बघितलं.

"असू दे," म्हणाली.

मी बाजेच्या कडेला उशी लावली. त्यानंतर रोज लावत गेले.

हे सगळं दिसत होतं आईलाही आणि गोदाक्कांनाही. गोदाक्का तेल लावायला यायच्या. बाळाला पायांवर घेऊन चोळताना एकदा मला म्हणाल्या, "कुमुद, पोरगी अजून पोरीकडं बघत न्हाई गं. दूध देतीया ते गाय बी देतीया. असंच ऱ्हायलं तर हे लेकरू तुझ्या आईच्याच हातावर वाढायचं, बघ. म्या असं एक घर बघितलंय." आई बंबात लाकूड घालत होती. ती म्हणाली, "बारसं होऊ दे. नाव ठेवलं की लागेल जीव."

म्हणजे बारशावर सगळं टांगलेलं. आणि बारशाचं नाव माझ्यावर.

आदल्या दिवशी दुपारी आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "केतकी ठेव."

"आई, केतकी तर..."

"तर काय?"

आईनं ताटातला हात थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. मी पुढचं बोलावं की नाही हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"पहिली मुलगी, पहिलं नाव," ती म्हणाली. "ते दुसरं नको. ते म्हटलं की पहिलं आठवणार."

"शैलाला विचारू?"

"तिला काय विचारायचंय? मान आत्याचा."

तरी मी विचारलं. शैला बाजेवर बसून वाळलेल्या लंगोटांच्या घड्या घालत होती. शेडमध्ये माग चालू होते, म्हणून मला जवळ जाऊन वाकावं लागलं.

"उद्या नाव ठेवायचंय, शैला."

"ठेवा की, वन्सं."

"आई म्हणते, केतकी."

तिनं हातातल्या लंगोटाची घडी घातली. उलगडली. परत घातली.

"बरं," म्हणाली.

ते "बरं" घेऊन मी स्वयंपाकघरात आले. आईनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, बरं म्हणाली. "बघ," आई म्हणाली. आणि तांदळातला एक खडा काढून बाहेर टाकला.

*

बारशाच्या दिवशी दुपारी एसटीनं इंदुकाकू आल्या. गुडघे धरलेली बाई, पण तोंड ठणठणीत. दारातूनच सुरू.

"शैले! कुठाय माझी नात? अगो बाई, केवढीशी! बापावर गेलीया की. नाक तेवढं आमचं." बाळाच्या पायात त्यांनी चांदीचे वाळे घातले. "झबलं आणलंय, दुपटं आणलंय. कुंची शिवाय टाकली होती, तर त्या मुडद्या शिंप्यानं आज देतो, उद्या देतो करत शेवटपर्यंत दिली न्हाई. मी म्हटलं, बाळ पोरांची आई झाल्यावर देतोस काय?"

बायका हसल्या. शैला पण ओठांनी हसली. काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला, हात जरा थांबला. "वाळलीस गं," म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण, व्हायचंच. थोरली लेक म्हंजे घरची लक्ष्मी. दुसऱ्याला सोपं जातंय बघ."

आईनं पटकन काकूंच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

शैला पाळण्याजवळ पाटावर बसली, डोक्यावरून पदर, मांडीवर बाळ. बाळाच्या डोक्याला आईनं पिवळ्या गोंड्याची कुंची घातली होती. मी ते सकाळीच बघितलं होतं. दोन्हीतली कुठलीही घातली असती तरी कुणाला काय कळणार होतं? पण आईच्या हाताला पिवळीच लागली. नाव थोरलीचं देणारी माझी आई थोरलीची कुंची काही हिला घालू शकली नाही.

आता वरवंटा. आमच्याकडं बाळाला पाळण्यात घालायच्या आधी पाट्यावरचा वरवंटा धुवून, हळदकुंकू लावून, बाळासारखा नटवतात. दोन बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि वरवंटा पाळण्याच्या खालून एकदा, वरून एकदा, असा एकमेकींच्या हातात देतात. बाळाला दगडासारखं घट्ट आयुष्य मिळावं म्हणून. मी वरवंट्याला जुन्या पातळाचा तुकडा गुंडाळून ठेवला होता.

"हे काय गं चिंधी गुंडाळलीया?" इंदुकाकू म्हणाल्या. "आमच्याकडं वरवंट्याला कुंची लागतीया. शैले, हाय का एखादी जुनीपानी?"

शैलानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"चालतंय हो, विहीणबाई," आई म्हणाली. "आमच्यात चिंधीच गुंडाळतात."

"चालतंय कसं? थोरल्या लेकीचं बारसं आन् चिंधी?" असं म्हणत काकू त्या धरलेल्या गुडघ्यांनी उठून आतल्या खोलीत गेल्यासुद्धा. बाळाच्या कपड्यांची ट्रंक बाजेखालीच होती. कडी वाजली. आई उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. आत जाऊन काय सांगणार होती ती?

काकू बाहेर आल्या त्या हसतच. हातात वर्तमानपत्राचा कागद आणि त्यातून निघालेली कुंची.

"अगो बाई, ही बघा! तश्शीच दुसरी! गोंडा तेवढा लाल. विहीणबाई, दोन शिवल्यात व्हय?"



"खण उरला होता," आई म्हणाली.

"हुशार बाई! एक अंगावर, एक दोरीवर." आणि काकूंनी मांडी घालून वरवंट्याला कुंची घातली. नाडी बांधली. लाल गोंडा नीट मधोमध आणला. दगडाच्या निमुळत्या टोकावर कुंची अगदी बसली.

थांबवायला हवं होतं. पण थांबवलं की का थांबवलं ते सांगावं लागलं असतं. मी गोदाक्कांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. जयवंत दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो वळला आणि शेडकडं गेला. मग त्याच्या लक्षात आलं असावं की वीज नाही. तो परत येऊन चौकटीतच उभा राहिला.

काकू पाळण्याच्या एका बाजूला, गोदाक्का दुसऱ्या. खालून दिला, वरून घेतला. खालून दिला, वरून घेतला. बायका दरवेळी देवाचं एकेक नाव घेत होत्या. गोदाक्कांच्या हातून एकदा तो निसटता निसटता राहिला.

"नीट धरा हो अक्का," काकू म्हणाल्या. "बाळसं बघा केवढं धरलंय हिनं! मावंना हातात!"

बायका खो खो हसल्या. आईनं पदराचं टोक तोंडाला लावलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, तीही हसतेय.

शेवटी वरवंटा बाळाच्या आईच्या मांडीवर देतात. ती तो क्षणभर घेते आणि पाळण्याच्या पायथ्याशी ठेवते. काकूंनी तो शैलाच्या पुढं केला. तिच्या डाव्या हातावर बाळ होतं. तिनं उजवा हात पुढं केला.

दगड घेतात तसा नाही घेतला. आधी डोक्याखाली हात घातला. मग कोपरात घेतला, मग छातीशी. गोंडा गालाखाली दबला होता तो तिनं बोटानं सोडवला.

इतक्या दिवसांत तिच्या दोन्ही बाजू भरलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या.

"आता ठेव खाली, शैले," काकू म्हणाल्या. "पाय अवघडतील. बाळाला घाल पाळण्यात."

शैलानं बाळाला पाळण्यात घातलं. वरवंटा ठेवला नाही. मांडीवर घेऊन बसली आणि एक पाय हळूहळू हलवायला लागली, आपण बाळ निजवताना हलवतो तसा.

"असू दे, असू दे," काकू हसून म्हणाल्या. "पहिलटकरणीचं असंच. चला, आत्या कुठाय? आत्याबाई, या पुढं. आम्ही तयार आहोत."

मी पाळण्याशी आले. मागं बांगड्यांचा आवाज झाला, बायका सरसावल्या. मी वाकले. बाळ जागं होतं. पिवळ्या गोंड्याखालून माझ्याकडं बघत होतं, आणि काहीही मागत नव्हतं.

"कुर्र," मी म्हणाले.

मी बाळाचं दुपटं सारखं केलं. आई बघत होती. तोंडानं तिनं मला नाव सांगितलं, आवाज न करता.

पाठीत एक गुद्दा बसला. काकूंचा. "सांग की गं! थोरल्या लेकीचं नाव, एवढं लांबण कशाला?"

"के," मी म्हणाले.

"वन्सं."

शैलाचा आवाज मोठा नव्हता. माग चालू असते तर तिच्या मांडीपलीकडं गेला नसता. त्या दिवशी पार दारापर्यंत गेला.

"ते नको," ती म्हणाली. "ते हिचं आहे."

"कुणाचं गं?" काकूंनी इकडंतिकडं बघितलं.

आई पुढं आली. वाकली. "शैला, दे बघू तो दगड इकडं," म्हणाली, आणि कुंचीच्या नाडीला हात घातला. तिची बोटं गाठीपाशी गेली खरी, पण सोडवता येईना तिला. शैलानं तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"राहू दे, आई. लाल गोंडा थोरलीलाच लावला होता ना तुम्ही?"

आई तशीच खाली बसली. पाळण्याखालच्या घुगऱ्यांचं भांडं तिच्या पायानं कलंडलं, चार हरभरे घरंगळत दारापर्यंत गेले. जयवंत वाकून ते गोळा करायला लागला.

शैलानं वरवंट्याची कुंची नीट केली. मग मान वर केली, आणि पाळण्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. बाळानं मूठ तोंडात घातली होती, ती तिनं हलकेच बाहेर काढली.

"काकू, ही थोरली नव्हे," ती म्हणाली. "मला दोघी झाल्या होत्या. थोरली गेली. ही धाकटी. ही शेवू."